कोंबड्यांचं खाद्य आणि माझं फावडं

आमच्या माण गावात मी काही सांगायला लागलो की लोक त्यातले बारा आणे वजा करतात आणि चार आणे ठेवून घेतात. मी शंभर म्हणालो की पंचवीस धरायचे, असा गावाचा न लिहिलेला ठराव आहे. मला त्याचा राग नाही. मी सांगतानाच चौपट सांगतो, म्हणजे शेवटी कुणाचंच नुकसान होत नाही.

कोंबड्यांच्या बाबतीतही माझं माप हेच. आमचा कोंबडा आरवला की तिकडे आयटी पार्कातल्या काचेच्या इमारती थरथरतात आणि पाळीवरची माणसं सुटी झाली समजून संगणक बंद करतात, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. आमच्या एका तांबड्या कोंबडीनं मुंगसाचं शेपूट चोचीत धरून त्याला ओढ्यापर्यंत फरफटत नेलं होतं. ते मुंगूस नंतर माफी मागायला आलं, हे मात्र मी फक्त चहा पाजणाऱ्यालाच सांगतो.

पण कोंबड्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती माहेरी गेली आणि परत निघताना सासूबाईंनी तिच्या मांडीवर फडक्यानं झाकलेली पाटी ठेवली. आत एक खुडूक बसलेली कोंबडी आणि तिच्या पोटाखाली अकरा अंडी. एसटी पौडवरून खडखडत आली, तरी ती माउली अंड्यांवरून हलली नाही. कंडक्टरनं फडकं उचलून बघितलं तर तिनं त्याच्या बोटाला असा टोचा मारला की पाटीचं तिकीट मागायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. (गावात सांगताना मी त्याला चार टाके घालतो.) त्या अकरातून नऊ पिल्लं निघाली आणि त्यांचीच पिढी पुढे आमच्या दारात तीस वर्षं नांदली. बुटक्या पायांची, मातकट रंगाची, मानेभोवती काळा गोफ घातल्यासारखी. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माहेरची जमीन विकली गेली, घर होतं तिथं गोदाम उभं आहे. बायको या कोंबड्यांना कोंबड्या म्हणतच नाही. संध्याकाळी मला विचारते, "आईच्या आल्या का आत समद्या?"

आमची वावरं होती तोवर त्यांच्या खाण्याची कधी काळजीच केली नाही. सकाळी खुराड्याचा झाप उघडायचा की त्या सुटायच्या. उकिरड्यातल्या अळ्या, बांधावरची वाळवी, गवतातले नाकतोडे, मळणीत सांडलेलं भात, कोवळा पाला, जे लागेल ते चोचीनं हुडकून खायच्या आणि दिवस मावळायला गळ्याला फुगा बांधल्यासारख्या डुलत परत यायच्या. आमच्याकडून मिळायचे ते फक्त मूठभर दाणे, तेही लाडानं.

मग जमीन गेली. उरलं ते अर्धा एकर भाताचं खाचर आणि त्याला लागून बांधलेल्या दुमजली खोल्या. अलीकडे उकिरड्याच्या जागीही सिमेंटचे ठोकळे बसवले, त्यावर भाडेकरूंच्या मोटारसायकली आल्या. कोंबड्या तारेच्या जाळीत गेल्या. आता त्यांना जे मिळेल ते आमच्या हातून, आणि आमच्या हातात काय, तर तांदूळ. आम्ही भाताची माणसं. आमच्या इंद्रायणीचा वास आला की मेलेला माणूस तिरडीवरून उठून "आधी जेवतो, मग जातो" म्हणतो, तिथं कोंबडीची काय कथा. मी तांदळाची कणी पोत्यानं ओतली.

वर्षभरात कोंबड्या अशा सुटल्या की चालताना एकमेकींना वाट देईनात. पण अंडी पातळ कवचाची. हातात घेतलं तर बोटाचा ठसा उमटावा, अशी. त्या साली बायकोनं खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली, तर दोनच पिल्लं निघाली आणि तीही आठवड्यात गेली. पुढच्या खेपेला एकही निघालं नाही. एकविसाव्या दिवसानंतर तिनं अंडी फोडून बघितली. आत पिल्लं तयार होती, पण कवचातच मेलेली.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक इंजिनिअर मॅडम राहतात, लातूरकडच्या. त्यांच्या वडिलांनी कोंबड्या पाळलेल्या. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या की काका, नुसत्या भातावर माणूस जाड होतो, पण त्याची हाडं तयार होत नाहीत. तसंच आहे हे. तयार खाद्याची पोती मिळतात, ती आणा.

बायकोला ते पटेना. पोत्यातलं खाऊन अंड्याला पोत्याची चव येईल, असं तिचं म्हणणं. मी दोघींच्या मध्ये उभा होतो, आणि माझी जीभ मला न विचारता बाहेर पडते. म्हणालो, "घरीच बनवतो की. त्यात काय हाय? मी अख्खी दोन मजली इमारत कालवलीया."

मॅडमनी त्या रविवारी लॅपटॉपवर बसून प्रमाण काढलं. दहा किलोत निम्मा मका, मग भाताचा कोंडा, सोयाबीनची पेंड, थोडी शेंगदाण्याची पेंड, सुकट, आणि शेवटी जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते ती क्षारांची पूड जेमतेम मूठभर, मीठ चिमटीच्या हिशोबात. चुन्यासाठी शिंपल्यांचा चुरा. तो कागद त्यांनी छापून आणला आणि मी तो जाळीच्या दाराला देवाच्या तसबिरीसारखा टांगला.

आता मिसळणं. आमच्या गावात जमिनी गेल्यापासून प्रत्येकानं खोल्या बांधल्या. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या हातांनी एकच गोष्ट कालवली, ती म्हणजे खडी, वाळू आणि सिमेंट. मी घराच्या गच्चीवर मक्याचा ढीग घातला, बाजूला पेंड, वर कोंड्याचं पोतं उपडं केलं, मधोमध खड्डा केला, खड्ड्यात पूड आणि मीठ ओतलं आणि फावड्यानं तीन पलट्या दिल्या. धूळ उडायला लागली म्हणून स्लॅबला मारतात तसं वर पाणी मारलं आणि सगळं पोत्यांत भरून ठेवलं. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं वर बघून विचारलं, "कितवा मजला चाललाय?" मी म्हणालो, कोंबड्यांचा. चार दिवस मी गावभर सांगत होतो की असं खाद्य पुणे जिल्ह्यात झालेलं नाही, शहाण्यांच्या कॉलेजातून पोरं वहीपेन घेऊन बघायला येणार आहेत. ते खरं म्हणायला कुणी आलं नाही, हे वेगळं.

दीड महिना ते खाद्य घातलं. मग वैशाखात बायकोनं पुन्हा अकरा अंडी बसवली. एकवीस दिवस गेले. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी तिनं कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं, अंडी पदरात घेतली आणि शेवग्याच्या झाडाखाली नेऊन पुरली. माझ्याकडे बघितलं नाही. हात धुऊन आली आणि पायरीवर बसली.

"आखाडाला द्या समद्या," ती म्हणाली. "एकवीस राहिल्यात. म्हाताऱ्या होऊन एकेक मरताना बघायचं न्हाई मला. गेल्या तर एकदमच जाऊ द्यात."

आमच्याकडे आषाढ संपायच्या आत, श्रावण लागण्याआधी, घराघरात गावरान कोंबडी शिजते. पुण्याहून माणसं चारचाकी घेऊन कोंबड्या शोधत येतात. गावातला कोंबडीवाला आधीच येऊन जाळीपाशी उभा राहून गेला होता, आणि आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो आणतो म्हणाला होता. सहा आठवडे होते. त्या कोंबड्या म्हणजे तिची आई होती, आणि मी फावडं घेऊन तिला कालवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या भाताच्या कामाला येणाऱ्या मावशी आल्या. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. दरवर्षी भाताचं रोप टाकायला त्या आमच्याकडे उतरतात आणि रोप टाकून झालं की परत जातात, आवणीला, म्हणजे ते रोप खाचरात लावायला, पुन्हा येतात. वय त्यांना स्वतःलाही माहीत नाही. मी गावात ते एकशेचार सांगतो, म्हणजे साधारण सव्वीस धरलं जाईल, पण साठ-पासष्ट असावं. दुपारी भाकरीचं फडकं सोडून त्या जाळीपाशी बसल्या. भाकरी खाताना कोंबड्यांकडे बघत राहिल्या. भाकरी संपली तरी बघत राहिल्या.

मग उठल्या, जाळीत गेल्या, खाद्याच्या पत्र्याच्या कुंडीत वरून चिमूटभर उचललं आणि जिभेवर ठेवलं. थुंकल्या. मग हात पार तळाला घातला, तिथली चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. तोंड वेडंवाकडं करून पुन्हा थुंकल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "वर नुसता मका हाय. तुमचं समदं औषध हितं खाली निजलंय."

मी म्हणालो की असं होणार नाही, मी फावड्यानं तीन पलट्या दिल्यात, गवंड्यानंसुद्धा मला नमस्कार केला असता.

"भिंत निवडून खात न्हाई, दादा. कोंबडी खाती."

मी कुंडीकडे बघितलं. कोंबड्या मक्याचे अख्खे दाणे चोचीनं वेचत होत्या, एक-एक, लग्नाच्या पंगतीत पाहुणा भात सोडून जिलबीच उचलतो तसा. बारीक पूड मक्याच्या मधून खाली घरंगळत होती आणि तळाला थर धरून बसली होती. माझ्या त्या खाद्यातून त्यांनी दोन महिने नुसता मका खाल्ला होता. कणीच्या जागी मका, एवढाच फरक मी केला होता.

मावशींनी पोती उघडायला लावली. पहिल्या पोत्याच्या एका कोपऱ्यात मिठाचा खडा झाला होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात मिठाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या पोत्याच्या तळाशी, जिथं मी पाणी जास्त मारलं होतं, हिरवी-निळी बुरशी आली होती. त्यांनी ते पोतं ओढत बाहेर काढलं.

"हे पुरा. अंडं राहू द्या, हे खाऊन कोंबडीच राहायची न्हाई."

बायको तोवर पायरीवरून उठून आली होती. मावशींनी तिच्याकडून परात मागितली, सूप मागितलं. मला हाकललं. सगळा मका गिरणीत भरडून आणा म्हणाल्या, पीठ नको, भरड. पिरंगुटच्या गिरणीवाल्यानं विचारलं की एवढा भरडा कशाला, घरात बारसं हाय का? मी म्हणालो, असलं तर तुला पहिलं बोलावीन.

परत आलो तर दोघी परातीभोवती बसलेल्या. मावशी हातानं दाखवत होत्या. क्षारांची पूड आणि मीठ एक मूठ. त्यात कोंड्याची एक मूठ घालून चांगलं चोळायचं. झाल्या दोन मुठी. त्यात कोंड्याच्या दोन. झाल्या चार. त्यात चार. मग आठ. प्रत्येक वेळी बोटांनी रांगोळी पसरावी तसं पसरायचं आणि पुन्हा गोळा करायचं. असं वाढवत वाढवत नेलं की मूठभर पूड पोतंभर खाद्यात सगळीकडे सारखी जाते.

"घरात एक पाहुणा आला तर समद्यास्नी भेटतो का?" मावशी मला म्हणाल्या. "आधी त्याला दोघांची वळख करून द्यायची. ते दोघं पुढल्या दोघांस्नी सांगत्यात."

त्यांनी पेंड कुटून घेतली, सुकटीची पूड केली, शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरून घालायला सांगितला. आणि खाद्य सुकंच ठेवायचं, पण घालताना तेवढ्यापुरतं पातळ ताक शिंपडून ओलसर करायचं. म्हणजे पूड भरड्याला चिकटते आणि कोंबडीला निवडायला जागा राहत नाही. दुपारपर्यंत संपेल एवढंच ओलं करायचं. उरलं तर फेकून द्यायचं. मी हे ऐकत उभा होतो आणि माझ्या पाठीमागं भिंतीला माझं फावडं टेकून उभं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

शिंपल्यांचा चुरा मात्र त्यांनी खाद्यातून बाजूला काढला. दुसऱ्या दिवशी वाडीवरून आणखी घेऊन आल्या, धरणाच्या काठी सापडणारे शिंपले, फडक्यात बांधलेले, सोबत खेकड्यांच्या नांग्या. बायकोनं ते चुलीवर भाजले, उखळात जाडसर कुटले आणि वेगळ्या मातीच्या परळात ठेवले. मी विचारलं, खाद्यातच का नाही घालायचं, कागदावर तर तसं लिहिलंय. मावशी म्हणाल्या, "कोंबड्याला अंडं घालायचंय का? ज्या बाईला घालायचंय तिला कळतंय किती खायचं ते." आणि खरंच, कोंबड्या दुपार उतरल्यावर त्या परळापाशी जाऊन मोजून खायच्या. कोंबडा एकदा येऊन बघून गेला, पुन्हा फिरकला नाही.

वरच्या मॅडमना हे सगळं सांगितलं. वाटलं, आपल्या कागदात चूक काढली म्हणून त्या रागावतील. त्यांनी कागद दारावरून काढून नेला आणि संध्याकाळी नवा आणून लावला. प्रमाणाखाली त्यांनी एक ओळ वाढवली होती, "मूठ, दोन मुठी, चार, आठ. मावशींच्या पद्धतीनं." म्हणाल्या, बाबांना पण पाठवलं.

मावशींनी सांगितलेलं बायकोनं अक्षर न अक्षर पाळलं. पंधरा दिवस नुसतं खाऊ घातलं. त्या दिवसांत पडलेली अंडी घरात खाल्ली, एकही बसवलं नाही. दहाव्या दिवशी मी आमलेट करायला अंडं तव्याच्या काठावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटावं लागलं. आत गेलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगताय म्हंजी एकदाच आपटलं आसंल." मग स्वतः येऊन एक आपटून बघितलं. तिलाही दोनदा आपटावं लागलं. फोडलेलं अंडं वाटीत ठेवलं आणि कवच उजेडाला धरून बघितलं.

पंधरा दिवसांनी अकरा अंडी निवडून टोपलीत खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवस मोजले, तर आखाडातला कोंबडीवाल्याचा दिवस अगदी लगत येत होता. बायकोनं त्याला नको म्हणून कळवलं नव्हतं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, बघू.

एकविसावा दिवस पार मावळला, टोपलीत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो आला. कोंबडीवाला जाळीच्या पेट्या उतरवायला लागला. बायको टोपलीपाशी उकिडवी बसली होती, कान लावून. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा तिनं हातानं गप्प राहायची खूण केली. मला गप्प राहायची खूण लोक नेहमीच करतात, पण या वेळी मी ऐकली. आतून टिकटिक येत होती. अंड्याच्या आतून कुणीतरी कवच ठोकत होतं.

"लई टणक हाय," बायको हळूच म्हणाली. "वेळ लागंल तिला."

मी बाहेर आलो. कोंबडीवाल्याला म्हणालो, "या कोंबड्या आता न्हाई देता येत. त्यांचा अकरा महिन्यांचा करार झालाय, भाडं आगाऊ घेतलंय." माणमध्ये सगळ्या जगाला अकरा महिन्यांचा करार समजतो. तो हसला, आत डोकावला, बायकोकडे आणि टोपलीकडे बघितलं, आणि पेट्या पुन्हा टेम्पोत चढवल्या. जाता जाता म्हणाला, "वैनी, बाहेर आल्यावर मला दाखवा, खायला न्हाई मागत."

दुपारपर्यंत सात पिल्लं बाहेर आली. मातकट, बुटक्या पायांची. त्यांतल्या चारांच्या मानेवर काळा गोफ आत्ताच दिसत होता. बायको एकेकाला तळव्यावर घेऊन ओला पोटाखालचा भाग बघत होती आणि परत कोंबडीखाली सरकवत होती. सातव्याला तिनं जरा जास्त वेळ धरलं.

मावशी आवणीला आल्या तेव्हा तिनं त्यांच्यासमोर टोपली उघडून ठेवली आणि म्हणाली की मोठी झाली की हवी ती दोन घ्या, तुमचीच आहेत. मावशी ऐकेनात. फुकट नको म्हणाल्या, अर्धलीनं द्या. म्हणजे सांभाळायची त्यांनी, आणि जी पिल्लं होतील त्यातली निम्मी आमच्याकडे परत आणायची. बायको म्हणत राहिली की नको, परत कशाला, पण मावशींनी मान हलवली.

"बाय, तुझ्या आईच्या एकाच जाळीत नगं ठेवू. आमच्या वाडीला वाळवी हाय, गवात हाय. हितं काय झालंच तर तिकडं असतील."

दसऱ्यानंतर मावशी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, पाटीत घालून डोंगरावर घेऊन गेल्या. पाटीवर बायकोनं स्वतःच्या हातानं फडकं बांधलं. कोंबडीनं फडक्याखालून चोच काढून माझ्या बोटाला टोचलं, आणि मी ते कुणालाही वाढवून सांगितलेलं नाही. एकदाच टोचलं, टाका पडला नाही.

फावडं अजून भिंतीला आहे. खाद्य आता दर पंधरवड्याला बायको परातीत करते, मी भरडा आणतो आणि पहिली मूठ चोळायचं काम मला मिळालंय. मूठ, दोन मुठी, चार, आठ. ते करताना मला मावशींचं ते पाहुण्याचं बोलणं आठवतं, आणि मग मॅडमचा कागद, आणि मग ती एसटीतली पाटी. हे सगळं कुणी कुणाला जोडून दिलं कोण जाणे, पण माझ्या हातून तर काही झालेलं नाही.

गावात मी पिल्लं अठ्ठावीस सांगितली, म्हणजे गाव बरोबर सात धरतं.

इथं सातच लिहितो. यातून कृपा करून काही वजा करू नका.